मदत परक्याची, मालकी कोणाची?

'परदेशी मदत' हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की आपले बहुतेक व्यापारी व कारागीर बांधव पान उलटतात. सरकारांचा मामला आहे, आपला त्यात काय संबंध, अशी समजूत असते. परंतु भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याला या विषयाचा गाभा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सूत स्वतःचे असेल तर कोणते कापड विणायचे आणि कोणाला विकायचे हे तो स्वतः ठरवतो. सूत व्यापाऱ्याचे असेल तर तो मजुरीवर विणतो. पन्हा, पोत, मजुरीचा दर, सारे सूत देणाराच ठरवतो. माग मात्र यंत्रमागवाल्याचाच असतो, विजेचे बिल त्याच्याच नावावर येते आणि मंदी आली तर बंद पडतो तोही त्याचाच माग. गरीब देश आणि त्यांना पैसा देणारे देश यांच्यातील व्यवहार पुष्कळदा याच तऱ्हेचा असतो.

ही मदत कधी अनुदान म्हणून येते, कधी सवलतीच्या व्याजाचे कर्ज म्हणून, कधी धान्य किंवा यंत्रे म्हणून, तर कधी नुसता तज्ज्ञांचा सल्ला म्हणून. गेल्या साठ-सत्तर वर्षांत यावर अब्जावधी डॉलर खर्च झाले. काही देश त्यातून उभे राहिले, काही होते तिथेच राहिले. असे का झाले याचा शोध घेणारे अभ्यासक फिरून फिरून एका मुद्द्यापाशी येतात: योजना कोणी आखली? मदत घेणाऱ्या देशाने स्वतः आखली, की देणाऱ्याने लिहून आणली आणि घेणाऱ्याने फक्त सही केली? यालाच ते 'मालकी' म्हणतात. नुसत्या व्याख्येने काही समजत नाही, म्हणून आम्ही एक प्रकरण जरा सविस्तर सांगणार आहोत. ते काजूचे आहे, आणि काजूच्या धंद्यात कोकण-गोव्यातील आपले कितीतरी लोक आहेत.

मोझांबिकची काजूबी

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोझांबिक हा देश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९७०च्या सुमारास जगातील सर्वांत जास्त काजू तिथे होत असे. १९७३ साली उत्पादन २ लाख टनांच्या वर गेले होते. १९७५ साली देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारने कच्च्या काजूबीच्या निर्यातीवर बंदी घातली. हेतू असा की बी देशातच फोडली जावी, गर बाहेर जावा आणि मजुरी देशात राहावी. हेतूत काही गैर नव्हते. परंतु १९७७ ते १९९२ अशी सोळा वर्षे देशात यादवी चालली. झाडे म्हातारी झाली, नवी कोणी लावली नाहीत, रस्ते उद्ध्वस्त झाले आणि उत्पादन पार खाली आले.

युद्ध संपले तेव्हा मोझांबिक जगातील सर्वांत गरीब देशांपैकी एक होता आणि सरकारचा खर्च मोठ्या प्रमाणावर परदेशी पैशावर चालत होता. जागतिक बँकेच्या सल्ल्यानुसार सरकारी काजू कारखाने खाजगी मालकांना विकण्यात आले. निर्यातबंदी त्याआधीच उठली होती आणि तिच्या जागी कच्च्या बीवर निर्यात कर आला होता. कारखाने विकत घेणाऱ्यांची समजूत अशी की हा कर राहील आणि बी देशातच स्वस्त मिळेल. त्या हिशेबाने त्यांनी पैसा गुंतवला.

आणि १९९५ साली जागतिक बँकेने अट घातली की हा निर्यात करही टप्प्याटप्प्याने रद्द करावा. तसे झाल्याशिवाय पुढच्या मदतीचे जमणार नव्हते. कर २० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर उतरला आणि पुढे शून्यावर नेण्याचे वेळापत्रक ठरले.

बँकेची बाजू पोकळ होती असे समजू नये. तिचे म्हणणे असे: देशात सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबे काजू पिकवतात. निर्यात करामुळे त्यांना बीचा भाव कमी मिळतो आणि त्या स्वस्त बीवर काही थोडे कारखाने पोसले जातात. शिवाय हे कारखाने चांगले चालत नाहीत. यातही तथ्य होते. मोझांबिकचे मोठे कारखाने बी यंत्राने फोडत. यंत्रात गराचे तुकडे फार होत. हाताने फोडलेल्या बीतून अख्खा पांढरा गर जास्त निघतो, आणि अख्ख्या गराचा व तुकड्याचा भाव यांत किती अंतर असते हे काजूवाल्याला आम्ही सांगायला नको. बँकेच्या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष असा की बी फोडण्यापेक्षा ती तशीच विकणे देशाला अधिक फायद्याचे आहे.

बी तशीच विकायची, पण कोणाला? इथे व्यापाऱ्याची नजर हवी होती आणि ती कागदावर नव्हती. सोललेल्या गराला जगभर गिऱ्हाईक आहे. कच्च्या बीला त्या काळी मोठे गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे आपला भारत. केरळातील कोल्लम, कर्नाटकातील मंगळूर येथील कारखान्यांना आपली बी वर्षभर पुरत नाही. आपला हंगाम उन्हाळ्यात, तर मोझांबिकची बी ऑक्टोबरपासून निघते. म्हणून ती बी आपल्याला सोयीची. एकच गिऱ्हाईक उरले की भाव कोण ठरवतो हे आपल्या बाजारात पोरालाही ठाऊक असते. ज्या मोझांबिकने कालपर्यंत परदेशी बाजारात आपला गर विकला तो आता एका दारावर पोते घेऊन उभा राहिला.

कारखाने एकामागून एक बंद पडले. या धंद्यात सुमारे १०,००० कामगार होते, त्यांत बायकांची संख्या मोठी. काजूच्या चिकाने हात पोळत असले तरी त्या गावांत रोकड मजुरीचे दुसरे काम नव्हते. २००१ सालापर्यंत दहांतील नऊ कामगार घरी बसले होते. आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले त्या शेतकऱ्याला काय मिळाले? मार्गारेट मॅकमिलन, दानी रॉड्रिक आणि कॅरेन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली याचा हिशेब मांडला. भाव थोडा वाढला खरा, परंतु काजू पिकवणाऱ्या कुटुंबामागे वर्षाकाठी सरासरी फायदा ५ डॉलर ३० सेंटपेक्षा जास्त नव्हता. खेड्यापासून बंदरापर्यंत रस्ता लांब, घेणारे थोडे, त्यामुळे वाढीव भावाचा वाटा वाटेतच जिरला. कामगारांची बुडालेली मजुरीही जवळपास तेवढ्याच रकमेची होती. म्हणजे देशाच्या वहीत जमा आणि नावे जवळजवळ सारखेच, आणि मधे दहा हजार घरांची चूल विस्कटलेली.

कामगार संघटना आणि कारखानदार, जे एरवी एकमेकांचे तोंड पाहात नाहीत, ते या प्रश्नावर एकत्र आले. १९९७ साली बँकेचे अध्यक्ष जेम्स वोल्फेनसन राजधानी मापुटोला आले तेव्हा ही तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली आणि फेरतपासणी करण्याचे ठरले. तपासणीचा अहवाल मोठ्या प्रमाणात कारखान्यांच्या बाजूने गेला. अखेर १९९९ साली मोझांबिकच्या संसदेने स्वतः कायदा करून कच्च्या बीवरचा कर १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवला. या कराच्या उत्पन्नातला वाटा काजूची रोपे व लागवड यांसाठी देण्याची सोय झाली. नाणेनिधी काही काळ कुरकुरला, नंतर गप्प बसला. पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडे नांपुला प्रांतात छोटे कारखाने निघाले. त्यांत बी हाताने फोडत, जशी आपल्याकडे फोडतात. त्यांनाही परदेशी संस्थांची मदत होती. परंतु या खेपेस कराचा निर्णय संसदेचा, यंत्र सोडून हाताने फोडण्याची पद्धत धंदेवाल्यांनी पारखून घेतलेली, आणि मदत त्यामागून आलेली. जुने बंद पडलेले मोठे कारखाने काही पुन्हा उघडले नाहीत.

नाही म्हणण्याची ताकद

मोझांबिकच्या पश्चिमेला झिंबाब्वे ओलांडून गेले की बोत्सवाना लागतो. १९६६ साली तो स्वतंत्र झाला तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता १२ किलोमीटर होता आणि सरकारचा जवळपास निम्मा खर्च ब्रिटिश अनुदानातून भागत होता. इतका परावलंबी देश मालकीची भाषा कशी करणार, असे कोणालाही वाटेल.

पण त्यांनी एक शिस्त पहिल्यापासून पाळली. अर्थ व नियोजन ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे ठेवली. क्वेट मसिरे हे त्या खात्याचे मंत्री होते, पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. देशाची एक विकास योजना छापून तयार असे. मदत देऊ करणारा कोणीही आला की त्याच्यापुढे ती योजना ठेवली जाई: यातले काय करता ते सांगा. योजनेत नसलेले काम, फुकट असले तरी, सहसा घेतले जात नसे. आणि घेण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला जाई. दवाखाना बांधून द्याल, पण परिचारिकेचा पगार, औषधे, छपराची दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च आम्हाला झेपेल काय? झेपत नसेल तर इमारत नको.

फुकटचा हत्ती दारात बांधून घेतला की चाऱ्याचा खर्च आपल्याला लागतो. आफ्रिकेत आणि आपल्याकडेही असे बिनपगारी दवाखाने व गंजलेले पंप पुष्कळ दिसतात. बोत्सवानाने हत्ती मोजून घेतले. देणाऱ्यांना त्यांनी कामेही वाटून दिली. नॉर्वेने आरोग्याकडे, तर स्वीडनने शिक्षण आणि खेड्यांच्या पाण्याकडे जास्त लक्ष द्यावे, म्हणजे दहा जण एकाच विहिरीवर येऊन उभे राहात नाहीत. १९६७ साली तिथे हिरे सापडले, १९७१ साली खाण चालू झाली आणि १९७३च्या सुमारास रोजच्या खर्चासाठी ब्रिटिश अनुदान घेणे थांबले. हिऱ्यांमुळे हे सोपे झाले, यात शंका नाही. परंतु हिरे, तेल, सोने निघालेल्या इतर कित्येक देशांची अवस्था पाहिली की नुसत्या खाणीने हे होत नाही हेही दिसते.

टांझानियाची गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे मदतीतील परदेशी चलन आयातदारांना मिळे आणि त्याच्या बदल्यात त्यांनी स्थानिक शिलिंग सरकारी खात्यात भरायचे असत. अनेकांनी माल उचलला, पैसे भरलेच नाहीत. वर आयात करातही सवलती वाटल्या गेल्या. १९९४ साली देणारे देश चिडले आणि मदत अडली. तेव्हा डेन्मार्कच्या पुढाकाराने कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जेराल्ड हेलेनर यांच्या नेतृत्वाखाली एक स्वतंत्र गट नेमला गेला. १९९५ सालच्या त्यांच्या अहवालाने दोन्ही बाजूंना धारेवर धरले. सरकारचा कारभार ढिला आणि भ्रष्ट, हे तर सांगितलेच. पण देणाऱ्यांनाही सुनावले की देशाची गाडी तुम्हीच हाकता आणि मग चालकाला दोष देता. पुढे टांझानियाने एक मजेदार नियम केला. अंदाजपत्रक तयार होण्याच्या महिन्यांत परदेशी शिष्टमंडळांनी येऊ नये, अधिकाऱ्यांना शांतपणे काम करू द्यावे. हिशेबाच्या दिवसांत दुकानात पाहुणे नकोत, हे आपल्यालाही पटेल!

दुधाची भुकटी

आपल्या देशाचे उदाहरण द्यायचे तर दोन्ही तऱ्हेची आहेत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. परदेशी मदत हवी म्हणून ही अट मानली गेली असे देशभर बोलले गेले, आणि जेवढी मदत अपेक्षित होती तेवढी काही आली नाही. त्यानंतर कित्येक वर्षे अवमूल्यन हा शब्द उच्चारायची कोणा मंत्र्याची हिंमत नव्हती. बाहेरून लादलेला निर्णय अर्थशास्त्राच्या दृष्टीने ठीक असला तरी देशात त्याला वाली राहात नाही.

दुसरे उदाहरण दुधाचे. युरोपात त्या काळी दुधाची भुकटी आणि लोणी यांचे डोंगर साठले होते. ते गरीब देशांत फुकट वाटले असते तर तिथल्या गवळ्याचा धंदा बसला असता, कारण फुकटच्या दुधाशी कोण स्पर्धा करणार? डॉ. वर्गीस कुरियन आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने उलटा डाव मांडला. १९७०पासून जागतिक अन्न कार्यक्रमाद्वारे १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगी म्हणून आले. ते वाटले नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथील दुग्धशाळांना विकले, त्यांनी त्याचे दूध करून बाजारभावाने गिऱ्हाइकाला दिले, आणि आलेल्या पैशातून खेड्यांतील सहकारी संघ, शीतकरण केंद्रे, टँकर उभे केले. भुकटीने शहरातले गिऱ्हाईक बांधून ठेवले आणि तेवढ्या वेळात गुजरात, महाराष्ट्र व इतर राज्यांतले दूध त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचले. माल परक्याचा होता, धंद्याचा नकाशा आपला होता. या योजनेवर टीका करणारेही आहेत, तिचा लाभ सर्व भागांत सारखा पोचला नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु आज भारत जगात सर्वांत जास्त दूध काढतो आणि भुकटीच्या देणगीची त्याला गरज नाही.

२००३ साली भारताने अनेक छोट्या देणाऱ्या देशांना नम्रपणे कळवले की तुमची सरकारी मदत आता नको. आणि आता आपला देशच देणाऱ्यांच्या रांगेत बसला आहे. आफ्रिकेतील देशांना आपली एक्झिम बँक सवलतीची कर्जे देते, त्यांत मोझांबिकही आहे. त्या कर्जाची सर्वसाधारण अट अशी की ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यावी. आपल्या कारखानदारांना हे गोड वाटते, स्वाभाविक आहे. पण घेणाऱ्याच्या जागी आपण असताना हीच अट आपल्याला कशी वाटत होती?

सही कोणाची चालते?

२००५ साली पॅरिस येथे देणारे व घेणारे देश एकत्र बसले आणि एक जाहीरनामा काढला. त्यात पहिलेच तत्त्व मालकीचे: विकासाची दिशा घेणारा देश ठरवील आणि देणारे त्याच्या योजनेमागून, त्याच्याच खजिन्याच्या वाटेने चालतील. २०१० सालापर्यंत गाठायची १३ उद्दिष्टे ठरली. २०११ साली ७८ देशांत तपासणी झाली तेव्हा एकच उद्दिष्ट पुरे झालेले आढळले. देणाऱ्यांना आपला पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवायला भीती वाटते, हे त्यामागचे एक मोठे कारण. ही भीती खोटी म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा पुन्हा मोझांबिकच देतो.

२०१३-१४ साली तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारीची जहाजे आणि किनाऱ्यावरील गस्त यांच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलर परदेशी बँकांकडून उचलले. सरकारने हमी दिली. संसदेला विचारले नाही, आणि यातले बरेचसे कर्ज देणाऱ्या देशांपासूनही लपवून ठेवले. २०१६ साली हे उघडकीस आले. नाणेनिधी आणि १४ देणाऱ्यांनी अंदाजपत्रकाला दिली जाणारी मदत थांबवली, चलन घसरले, महागाई भडकली. तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल चँग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२४ साली दोषी ठरवले आणि जानेवारी २०२५मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा दिली.

या कर्जात परक्याची अट नव्हती, सल्लागार नव्हता. निर्णय सर्वस्वी 'आपला' होता. मग ही मालकी म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. भागीदारीच्या दुकानात एका भागीदाराने इतरांना न सांगता दुकानाच्या नावावर हुंडी काढली तर ती मालकी नव्हे, ती अफरातफर. १९९९ साली काजूचा कायदा ज्या संसदेत झाला, तिलाच २०१३ साली वगळले गेले. देणारे देश मंत्र्याची सही घेऊन म्हणतात की देशाने मान्य केले. पण १९९५ साली काजू फोडणाऱ्या बाईला कोणी विचारले होते, आणि बोटींच्या कर्जाबद्दल मच्छीमाराला कोणी विचारले? फेडावे मात्र त्यांनाच लागले.

हा विषय आता आणखी तातडीचा झाला आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५मध्ये परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही तिची मदतसंस्था बंद झाली. मोझांबिकमध्ये एड्सविरोधी कामाचा मोठा भार अमेरिकन पैशावर होता. असे पैसे पुष्कळ ठिकाणी देशाच्या अंदाजपत्रकात न येता बाहेरच्या संस्थांमार्फत थेट खर्च होत. संस्था गेली की कर्मचारी, गाडी, नोंदवही सगळेच गेले. बोत्सवानाने २००२ साली एड्सची औषधे सरकारमार्फत मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा बहुतांश खर्च स्वतःच्या खजिन्यातून करायचे ठरवले होते. तोही आज निर्धास्त नाही. हिऱ्यांचा बाजार पडला, महसूल आटला, आणि ऑगस्ट २०२५मध्ये औषधांच्या टंचाईमुळे तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. फरक इतकाच की तिथल्या लोकांना जाब कोणाला विचारायचा हे माहीत आहे. तो माणूस त्यांच्याच राजधानीत बसतो.